तिनं विचारलं आणि मी गप्प राहिले

सोलापूरहून आलेल्या पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई ख्रिस्ती आहेत, वय अठ्ठेचाळीस. बावीस वर्षं एका प्रसूतिगृहात सिस्टर होत्या, गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून नोकरी सोडली. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भगिनी मंडळानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन सेवाकार्य सुरू केलं आहे. आठवड्यातून दोनदा गाडी विडी कामगारांच्या वसाहतींकडे जाते. अचानक दिवस गेलेल्या बायकांना बसवून चहा द्यायचा, त्यांचं ऐकायचं, लघवीची तपासणी करायची, प्रार्थना करायची, पुढे बाळंतपणाला शिधा नि बाळाचे कपडे पोचवायचे, असं काम. गाडीचा एक नियम आहे : गर्भपाताबद्दल कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, विषय बदलायचा. तीन आठवड्यांपूर्वी तेवीस वर्षांची, लग्न न झालेली एक मुलगी आली. दोन पाळ्या चुकलेल्या. तिनं विचारलं, “ताई, खाली करायचं असलं तर कुठं जायचं?” ताई गप्प राहिल्या. पाळकीणबाईंनी, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नीनं, तिच्यासाठी प्रार्थना केली. मुलगी चहा अर्धा ठेवून गेली, ती परत आली नाही. पोटातला जीव देवाचा आहे असं ताई स्वतःही मनापासून मानतात, तरी ‘मी तिला फसवलं का?’ हा प्रश्न त्यांना झोपू देत नाही. गाडी सोडावी, की गाडीत राहून गुपचूप माहिती द्यावी? शिवाय, अमेरिकेत असतं तसं सोनोग्राफीचं यंत्र गाडीत बसवा असं एका देणगीदारानं सुचवलं आहे. आणि मंडळीतलं एक निपुत्रिक जोडपं, ‘कुणाला मूल नको असेल तर आम्हाला द्या’ म्हणून मागे लागलं आहे.

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी कायद्याची माहिती मी तुम्हाला कळवली. जिचा एकेक दिवस पुढे सरकतोय तिला हे सदर छापून येईपर्यंत ताटकळत ठेवणं बरं नव्हतं. ती माहिती इथे पुन्हा देते आहे, कारण आशाताई, शिक्षिका, शेजारीण अशा अनेकींवर हा प्रसंग येतो आणि त्यांनाही तुमच्यासारखंच काय बोलावं ते सुचत नाही.

आधी तुमचा प्रश्न. फसवलं का? तुमच्या मनात फसवणूक नव्हती, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. पण त्या क्षणी तिला काय ऐकू आलं असेल, ते बघा. तिनं विचारलं आणि दोन मोठ्या बायका गप्प झाल्या. त्यातून तिनं एकतर असं धरलं असेल की हे सरळ मार्गानं होतच नाही, किंवा आपण असं काही विचारलं की ज्याचं उत्तरसुद्धा चांगल्या घरच्या बाईनं देऊ नये. दोन्ही समज तिला एकाच दाराशी नेतात : मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय गोळ्या, नाहीतर वस्तीतली कुणी ‘जाणती’. त्या दारातून आलेल्या बायका तुम्ही बावीस वर्षं बघितल्या आहेत. रक्त थांबत नाही, अंगात ताप, आणि सोबतची माणसं खरं सांगत नाहीत. तुम्हाला झोप येत नाही ती यामुळे, असं मला वाटतं. तुमच्यातली सिस्टर जागी आहे.

तुम्ही लिहिता, ‘मी बोलले असते तर माझ्या विश्वासाशी बेइमानी झाली असती.’ इथे मी जरा थांबते. मी तुमच्या धर्माची नाही, म्हणून जपून बोलते. माहिती देणं आणि कृती करणं या दोन गोष्टी तुम्ही एकत्र बांधल्या आहेत. गर्भपाताला मदत करणं तुमच्या मनाला पटत नसेल तर करू नका. कुणी तुमच्यावर बळजबरी करू शकत नाही, आणि मीही करणार नाही. पण “मी स्वतः या बाबतीत तुझ्यासोबत येणार नाही, माझा विश्वास वेगळा आहे. डॉक्टरांचा सल्ला घेण्याचा हक्क मात्र तुला आहे, आणि तो सिव्हिलमध्ये मिळतो” एवढं म्हणण्यात कुठली बेइमानी? यात तुमचा विश्वासही झाकला जात नाही आणि तिचा रस्ताही. खोटं बोलू नये हे तर तुमच्या मंडळीत लहानपणापासून शिकवतात.

आता कायदा. गर्भपाताचा कायदा 1971 चा, 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ते ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी : बलात्कार झालेली, अल्पवयीन, मध्येच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग, अशा. लग्न न झालेल्या स्त्रीला यातून वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सांगितलं. अठरा वर्षांवरच्या स्त्रीची फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही, आईबापाचीही नाही, मागणारे अजून मागतात ती गोष्ट वेगळी. तिचं नाव बाहेर सांगणं हा डॉक्टरचा गुन्हा ठरतो. आणि डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, हे तुम्हाला माहीत आहे, पण पोरींना नसतं. दोन पाळ्या चुकल्या म्हणजे दोन महिने असं त्या धरतात आणि हिशेबात मागे पडतात.

याच कायद्याची दुसरी बाजू लोक सांगत नाहीत, आणि तुमच्या गाडीला तिची फार गरज आहे. बाईच्या मनाविरुद्ध तिचा गर्भ पाडणं हा मोठा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 89 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. तुम्ही पत्रात ओझरता उल्लेख केला आहे, की गाडीशी येणाऱ्या बहुतेकजणी लग्न झालेल्या, दोन-तीन लेकरांच्या आया असतात. ताई, हे वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मला वाटतं तुमच्या सेवेची निम्मी दिशा त्यात आहे. ‘नको असलेला गर्भ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुमारी मुलगी येते. खरं तर तिथे एक बाई असते जिला मूल हवं असतं, पण सासू म्हणते दोन मुली झाल्या, पुरे. एक असते जिला मूल नको असतं, कारण दिवसभर विड्या वळूनही आहे त्या पोरांची फी निघत नाही. आणि एकीला मुळात कळतच नसतं की आपल्याला काय हवंय; तिला एवढंच कळतं की नवऱ्याला सांगायची भीती वाटते. तिघी एकाच बाकावर येऊन बसतात. तिघींना एकच प्रार्थना आणि एकच शिध्याची पिशवी पुरणार नाही.

पहिलीसाठी तुमची गाडी देवासारखी आहे. तिच्या घरात तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं. तिला सांगा की मनाविरुद्ध कुणीही तिला टेबलावर झोपवू शकत नाही. 181 ही महिला हेल्पलाइन आहे, सखी केंद्रात वकिलाची आणि राहण्याची तात्पुरती सोय होते. दुसरीला बहुधा कुटुंब नियोजनाची माहिती कुणी धडपणे दिलेलीच नसते. ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. ते तिला आधी कळलं असतं तर ती तुमच्या बाकावर आलीच नसती. हे बोलायला तुमच्या गाडीचा नियम आडवा येतो का, तेही विचारा.

तिसरीला वेळ द्या. ती उठून जाईपर्यंत उपदेश नको, प्रार्थनाही नको. प्रार्थनेबद्दल एवढंच म्हणते : आधी विचारा. “तुझ्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का?” असं विचारून ती ‘नको’ म्हणाली, तर चहा तितकाच गरम मिळाला पाहिजे आणि पिशवीही तितकीच भरलेली. गाडीच्या दारावर मंडळीचं नाव स्पष्ट असू द्या. पण ‘अनपेक्षित गर्भधारणा’ असं काही लिहू नका, नाहीतर पायरी चढणाऱ्या प्रत्येकीचा बोभाटा गल्लीभर होईल. ‘महिला आरोग्य आणि आधार’ पुरे. रक्तदाब बघा, सगळ्याच बायकांना बसू द्या. मग कोण कशासाठी आलंय ते कुणाला कळणार नाही. कारखान्यात विड्या देऊन बायका परततात त्या वेळेला थांबा. आणि एक तेलुगू बोलणारी भगिनी सोबत घ्या. विडी घरकुलात, कुंभारीत निम्म्या बायका दुःख तेलुगूत सांगतात, हे तुम्हाला मी काय सांगावं.

विश्वास एकदा उडाला की चांगलं कामही कसं अडतं, हे ख्रिस्ती समाजाला बाहेरच्यानं सांगायची गरज नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये शारदा सदन ही विधवांची निवासी शाळा काढली तेव्हा रानडे, भांडारकर त्यांच्या सल्लागार मंडळात होते. तिथे धर्माचा प्रभाव टाकला जातो या शंकेवरून 1893 मध्ये ते बाहेर पडले आणि पालकांनी मुली घरी नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत. पुढे केडगावला, आपल्या सोलापूर-पुणे रेल्वेच्या रुळांलगत, त्यांनी मुक्ती सदन उभं केलं, आणि जिला समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलं तिच्यासाठी कृपा सदनही. रमाबाईंबद्दल मला अतोनात आदर आहे. पण ज्या मुली तेव्हा घरी नेल्या गेल्या त्यांचं शिक्षण तिथेच थांबलं असेल, हेही मला विसरता येत नाही. आज वस्तीत ‘ही धर्म बदलायची गाडी’ अशी कुजबुज सुरू झाली, तर बंद होईल तो तुमच्या बायकांचा चहा आणि तपासणी.

दुसरं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं. पंढरपूरचं बालहत्या प्रतिबंधक गृह लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं 1875 मध्ये सुरू झालं आणि प्रार्थना समाजानं चालवलं. देवदर्शनाच्या निमित्तानं गरोदर विधवांना पंढरपुरात आणून सोडत असत तो काळ. त्याआधी 1863 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी असंच गृह काढलं होतं, आणि बाळंत झाल्यावर मूल न्यायचं की तिथे ठेवायचं हे त्या स्त्रीच्या खुशीवर सोडलं होतं. खुशी हा शब्द त्या काळातल्या विधवेच्या बाबतीत वापरायला केवढी छाती लागली असेल! तुमच्या गाडीला धडा घ्यायचा असेल तर तो मी या एका शब्दातून घ्या म्हणेन.

त्यावरूनच त्या निपुत्रिक जोडप्याकडे येते. त्यांचं दुःख खरं आहे, आणि तुमच्या मनात ‘एका दगडात दोन कामं होतील’ असं आलं असेल तर नवल नाही. तरी यात पडू नका. बाल न्याय कायदा 2015 नुसार असं परस्पर मूल देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मी कायद्याच्या भीतीपोटी हे सांगत नाही. मूल घ्यायला माणसं आधीच दारात बसलेली असली की मदत करणाऱ्याच्या डोळ्यांत बाई मागे पडते आणि तिचं पोट पुढे येतं. सरळ रस्ता असा : मूल सांभाळणं शक्य नसेल तर आई बालकल्याण समितीपुढे मूल सोपवू शकते, कुमारी माता एकटीनं जाऊ शकते, तिचं नाव गुप्त राहतं, आणि विचार बदलला तर दोन महिन्यांच्या आत मूल परत मागता येतं. या दोन महिन्यांची सोय परस्पर देवाणघेवाणीत कुठून मिळणार? जोडप्याला दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नाव नोंदवायला सांगा. ख्रिस्ती दांपत्यालाही बाल न्याय कायद्याखाली रीतसर, पूर्ण हक्काचं दत्तक घेता येतं.

आणि जी मूल स्वतः वाढवायचं म्हणते, लग्न न करता, तिला सगळे आधी बापाच्या नावाची भीती घालतात. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता, आणि योगायोग म्हणजे ती आई ख्रिस्ती होती. बापाचं नाव न सांगता तिला मुलाची पालक होता येईल, आणि अशा आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यावाच लागेल, असा निकाल झाला. हा निकाल कागदावर छापून गाडीत ठेवा.

सोनोग्राफीच्या यंत्राला मात्र स्पष्ट नकार द्या. अमेरिकेत अशा ख्रिस्ती गाड्या फिरतात, पोटातलं बाळ पडद्यावर दाखवतात, हे खरं. तिथला कायदा वेगळा, इतिहासही वेगळा. आपल्याकडे हेच यंत्र मुली शोधायला वापरलं गेलं. म्हणून महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, कायदा केला. केंद्राचा 1994 मध्ये आला. नोंदणीशिवाय यंत्र जवळ बाळगणंसुद्धा चालत नाही, आणि 2012 पासून फिरत्या यंत्रांवरचे निर्बंध आणखी कडक आहेत. देणगीदाराला लिहा की त्या पैशात एका परिचारिकेचा वर्षाचा पगार, रिक्षाभाडी आणि रक्ततपासणी होऊ द्या. लघवीच्या तपासणीचं किट आशाताईंकडेही फुकट असतं.

एका बाबतीत मनाची तयारी आधीच ठेवा. गाडीत येणारी मुलगी अठरा वर्षांखालची असेल, मग तिचं लग्न झालेलं असो की नसो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. म्हणून वय समजण्याआधी ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका. दिलेला शब्द मोडावा लागला की ती पोर पुढच्या प्रत्येक मोठ्या माणसावर अविश्वास दाखवते. तिला 1098 या मुलांच्या हेल्पलाइनबद्दल सांगा, आणि तिच्यासोबत कुणीतरी बसून राहील एवढं बघा.

आता गाडी सोडायची का? गुपचूप सांगण्याचा तुमचा विचार मला पटत नाही. पाळकीणबाईंची पाठ फिरली की कानात पत्ता सांगायचा, यात तुमचीही घुसमट आणि त्या बाईलाही ‘हे चोरून करायचं काम’ हाच संदेश. शिवाय कळलं की मंडळात फूट पडेल. लगेच सोडूनही जाऊ नका. त्या गाडीत बावीस वर्षांचा अनुभव असलेली बाई तुम्ही एकट्याच आहात. आधी पाळकीणबाईंकडे जा, एकट्या, त्यांच्या घरी. नियम चुकला असं म्हणत सुरुवात करू नका. त्या मुलीचा अर्धा राहिलेला चहा आठवतो का, असं विचारा. मला वाटतं त्यांनाही आठवत असेल. मग एकच मागणी ठेवा : विचारलं तर खरं सांगायचं, आपला विश्वास न लपवता, आणि बाईनं काहीही ठरवलं तरी पुढच्या आठवड्यात तिच्या दारी जायचं. जिनं मूल ठेवलं तिच्याकडेही, जिनं नाही ठेवलं तिच्याकडेही. गर्भपातानंतर अंगात त्राण नसताना रडणाऱ्या बाईला भगिनी मंडळाची जास्त गरज असते की कमी?

त्या ‘नाही’ म्हणाल्या तर महिनाभर थांबा, पाळकसाहेबांशी बोला. तिथेही नकार आला तर कारण सांगून बाहेर पडा, आणि तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा. तुमच्यासारख्या बाईला काम मिळायला वेळ लागणार नाही. मंडळी सोडायची गरज नाही. गाडी आणि देव एक नव्हेत.

आणि ती मुलगी. फोनवर तुम्ही म्हणालात, तिची गल्ली माहीत आहे पण जायला तोंड नाही. जा. गाडी घेऊन नको, पायी नाहीतर रिक्षानं. ती विड्या वळत बसली असेल तर शेजारी बसा. बाकीच्या बायका असतील तर रक्तदाबाचं निमित्त करा. एकटी भेटली की म्हणा, “त्या दिवशी तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. ते चुकलं माझं. आज विचार, मला माहीत आहे ते सगळं सांगते.” एव्हाना तिनं काहीतरी केलं असेल, तर कुठे, कुणाकडे हे उकरू नका; ताप आहे का, रक्त जास्त जातंय का, पोटात कळा येताहेत का, एवढं सिस्टरसारखं विचारा आणि एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर त्याच पावली सिव्हिलला न्या. काही केलं नसेल तर तिला वाटेल ते विचारू द्या. तिनं दार लावून घेतलं तर उंबऱ्यावर नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून या, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा जा.